हिरव्या टेबलापाशी चार आठवडे: कॉर्पोरेट स्वयंसेवेचं परीक्षण

कंपनी पगार चालू ठेवते, विमानाचं तिकीट काढते, राहण्याजेवण्याचा खर्च उचलते आणि आपल्या काही कर्मचाऱ्यांना महिनाभरासाठी परदेशातल्या एखाद्या संस्थेच्या हवाली करते. त्या महिन्यात संस्थेने त्यांच्याकडून आपलं अडलेलं काम करून घ्यायचं, अशी ही सेवा. आयबीएमने ती २००८ मध्ये ‘कॉर्पोरेट सर्व्हिस कोअर’ या नावाने सुरू केली. रोमानिया, तुर्कस्तान, व्हिएतनाम, फिलिपिन्स, घाना आणि टांझानिया हे सुरुवातीचे देश. एसएपी या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीची ‘सोशल सॅबॅटिकल’ २०१२ पासूनची. साचा थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखाच आहे. वेगवेगळ्या देशांतल्या दहा-पंधरा कर्मचाऱ्यांची तुकडी असते, तिचे तीन-तीन, चार-चार जणांचे गट पडतात आणि एका गटाला एक संस्था मिळते. आधी फोनवरची तयारी, मग चार आठवड्यांचा मुक्काम, शेवटी सादरीकरण. मधे पिक्सेरा ग्लोबलसारखी मध्यस्थ संस्था असते. यजमान शोधणं, कामाचा मसुदा लिहिणं, हॉटेल-गाडी बघणं हे तिच्याकडे. हिंजवडी-खराडीतल्या बहुराष्ट्रीय कंपनीत बसलेल्या माणसालाही अशी संधी येते. हे परीक्षण त्याच्यासाठी आहे, आणि त्याला पाठवणाऱ्या विभागासाठीही.

परीक्षण मुद्दाम एकाच प्रकारच्या यजमानापुरतं ठेवलं आहे: मुलांच्या सर्जनशीलतेचं केंद्र. कारण ही सेवा सगळ्यात जास्त घसरते ती इथेच. दवाखान्याची कागदपत्रं लावून द्यायला गेलेला संगणक अभियंता स्वतःला डॉक्टर समजत नाही. मुलांच्या केंद्रात गेलेला मात्र पहिल्या दिवसापासून मास्तर होतो.

असं केंद्र म्हणजे काय, हे समजायला क्लबहाउसचं उदाहरण चांगलं. १९९३ मध्ये बॉस्टनच्या कॉम्प्युटर म्यूझियममध्ये, एमआयटी मीडिया लॅबच्या मदतीने पहिलं ‘कॉम्प्युटर क्लबहाउस’ उघडलं. साधारण १० ते १८ वयाची, आजूबाजूच्या गरीब वस्त्यांतली मुलं शाळा सुटल्यावर येतात. फी नाही, अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. कुणी गाणं रेकॉर्ड करतं, कुणी ॲनिमेशन करतं, कुणी यंत्रमानव जोडतं. २००० पासून इंटेलच्या पैशाने ही केंद्रं अनेक देशांत पसरली. एमआयटी मीडिया लॅबमधल्या मिचेल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्क्रॅच ही मुलांची प्रोग्रॅमिंगची भाषा घडवली, तेव्हा डोळ्यांसमोर अशाच केंद्रांतली मुलं होती. २००७ पासून ती सगळ्यांना खुली आहे.

क्लबहाउसच्या खोलीच्या मधोमध एक मोठं हिरवं टेबल असतं. त्यावर संगणक ठेवत नाहीत. तिथे मुलं बसतात, चित्रं काढतात, खातात, भांडतात, दुसऱ्याचं काम बघतात. संगणक बाजूला घोळक्यांनी मांडलेले असतात आणि खुर्च्यांना चाकं असतात, म्हणजे शेजाऱ्याकडे सरकणं सोपं. या मांडणीतच केंद्राचं सगळं तत्त्व आलं: मुलाने स्वतःच्या आवडीचं काहीतरी करायचं आणि मोठ्या माणसाने शेजारी बसायचं. या मोठ्या माणसाला तिथे ‘मेंटर’ म्हणतात. फळ्यापुढे उभं राहणारा माणूस या खोलीत बसतच नाही. नवीन तुकडी आल्या आल्या हिरवं टेबल भिंतीला सरकवून प्रोजेक्टर लावायला निघाली, की पुढच्या चार आठवड्यांचं भविष्य सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आता तासांचा हिशोब, कारण माहितीपत्रकात तो नसतो. तीन जण, चार आठवडे, आठवड्याला ४० तास, म्हणजे ४८० तास. ऐकायला घसघशीत. पहिला आठवडा संस्था, शहर आणि माणसं समजून घेण्यात जातो: १२० वजा. शेवटचे तीन दिवस अहवाल, सादरीकरण आणि निरोपाचे: ७२ वजा. मधे एक सार्वजनिक सुट्टी आली की आणखी २४ गेले. राहिले २६४. समोरच्या बाजूला संचालिका आणि समन्वयक रोज दोन-दोन तास या पाहुण्यांना देतात, २० दिवसांचे झाले ८०. चार माणसांच्या संस्थेत हे ८० तास म्हणजे देणगीचा एखादा अर्ज न लिहिला जाणं. तेव्हा सेवा ‘मोफत’ आहे हे अर्धंच खरं. संस्था ८० तास मोजून २६४ विकत घेते, आणि ते २६४ तास कशावर लागले यावर सगळं ठरतं.

कामाचा मसुदा

मध्यस्थ संस्थेने तीन-चार महिने आधी लिहिलेला कामाचा मसुदा हा या सेवेचा सगळ्यात कच्चा भाग. तो लिहिताना गटात कोण असणार हे ठरलेलं नसतं, म्हणून भाषा गुळगुळीत ठेवतात. ‘संस्थेची डिजिटल क्षमता वाढवण्यासाठी धोरण तयार करणे’ असं वाक्य दिसलं की समजावं, महिनाअखेर ६० पानांचा अहवाल होणार आणि तो कुणी उघडणार नाही.

चांगला मसुदा कसा दिसतो? असा: ‘सध्या कागदी रजिस्टरमध्ये होणारी हजेरी एका स्प्रेडशीटवर आणणे. समन्वयकाला ती रोज १० मिनिटांत भरता यावी. देणगीदाराला दर तिमाहीला द्यायचे चार आकडे त्यातून आपोआप निघावेत.’ यात कोण, किती वेळ आणि कशासाठी हे तिन्ही आहे. काम झालं की नाही, हे शेवटच्या दिवशी कुणालाही सांगता येतं.

मसुदा मिळाल्यावर तयारीच्या काळातच संस्थेला तीन गोष्टी विचाराव्यात. आम्ही असताना केंद्र चालू आहे का? आम्ही गेल्यावर हे काम सांभाळणारा माणूस कोण, आणि तो पुढच्या सहा महिन्यांत नोकरी सोडणार आहे का? (प्रश्न आगाऊ वाटतो. विचारावाच.) हेच काम आधीच्या कुठल्या पाहुण्यांनी केलं होतं का, असल्यास ते कुठे आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एखाद्या जुन्या पेन ड्राइव्हमध्ये असतं.

मुक्कामाच्या पहिल्या पाच दिवसांत मसुदा पुन्हा लिहायचाच. सोमवारी नुसतं बसावं. मंगळवारी एका मुलाची वाट कागदावर काढावी: दारातून आत आल्यापासून नाव कुठे लिहितो, कुणाशी बोलतो, काम कुठे साठवतो, घरी काय नेतो. बुधवारी समन्वयकाबरोबर बसून काम एकावर आणावं. दोन नाही, एक. गुरुवारी संचालिकेची सही घ्यावी. आणि शुक्रवारी ‘हे आम्ही करणार नाही’ अशी यादी लेखी द्यावी: वेबसाइट नाही, सोशल मीडिया नाही, प्रिंटर दुरुस्ती नाही. ही यादी न दिलेला गट तिसऱ्या आठवड्यात प्रिंटर उघडून बसलेला सापडतो.

वेळ

हे इतकं साधं आहे की कुणाच्याच लक्षात येत नाही. गट सकाळी नऊला हॉटेलातून निघतो आणि पाचला परत जातो. मुलं शाळा सुटल्यावर साडेतीनला येतात आणि सात-साडेसातपर्यंत थांबतात. म्हणजे ज्यांच्यासाठी आलो त्यांची भेट दिवसाला दीड तास, तीही गाडी खाली हॉर्न वाजवत असताना. मध्यस्थाला आधीच सांगून गाडीची वेळ दुपारी बारा ते रात्री आठ अशी करून घ्यावी. बारा ते साडेतीन कर्मचाऱ्यांबरोबरचं काम, त्यानंतर मुलं. समन्वयकही सहसा सकाळी नसतातच, ते दुपारीच येतात.

महिना निवडतानाही तीच गोष्ट. रोमानियात जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत शाळांना उन्हाळी सुट्टी असते. दक्षिण आफ्रिकेत मोठी सुट्टी डिसेंबर-जानेवारीत. शाळेच्या वेळापत्रकावर चालणारं केंद्र त्या काळात एक तर बंद असतं किंवा शिबिरांनी फुटून वाहत असतं. दोन्ही वेळी नवीन पद्धत बसवायला कुणाला फुरसत नसते. तुकडीचा महिना मात्र कंपनीच्या तिमाहीनुसार ठरतो, मुलांच्या शाळेनुसार नाही. हा दोष सेवेचाच आहे.

टेबलावरचं सामान

मुलांबरोबर काहीच करायचं नाही असं नाही. दुपारचे तीन तास शेजारी बसायला माणूस मिळणं केंद्राला हवंच असतं. पण इथे नेहमीची फजिती सामानाची होते, आणि ती टाळता येण्यासारखी आहे.

कंपन्या भेट म्हणून मायक्रोबिट नेतात, म्हणजे मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणारा चिमुकला संगणक. निवड चांगली आहे: तळहातापेक्षा लहान पाटी, २५ दिव्यांची ५ गुणिले ५ जाळी, दोन बटणं, दोन ट्रिपल-ए सेलवर चालते. २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत स्पीकर आणि मायक्रोफोनही आहे. गोंधळ जोडताना होतो. केबल लावली की संगणकावर ‘मायक्रोबिट’ नावाचा ड्राइव्ह दिसायला हवा. प्रोग्रॅमची हेक्स फाइल त्यात ओढून टाकली की झालं. ड्राइव्ह दिसलाच नाही, तर कारण तीनपैकी एक असतं.

पहिलं, केबल. मोबाइल चार्जरबरोबर आलेल्या काही स्वस्त केबलींमधून फक्त वीज जाते, माहिती जात नाही. पाटीवरचा दिवा लागतो, म्हणून सगळ्यांना वाटतं केबल ठीक आहे. निघण्याआधी प्रत्येक केबल स्वतःच्या लॅपटॉपवर तपासावी, चालेल तिला चिकटपट्टीची खूण करावी. २० पाट्यांना २५ केबली न्याव्यात.

दुसरं, कंपनीचा लॅपटॉप. बहुतेक कंपन्यांच्या सुरक्षा नियमांत यूएसबी साठवण बंद असते. मायक्रोबिट स्वतःला पेन ड्राइव्ह म्हणून सादर करते, त्यामुळे लॅपटॉप तिला दारातच अडवतो. क्रोम किंवा एज ब्राउझरमधून मेककोडशी (मायक्रोबिटचे प्रोग्रॅम जिथे लिहितात त्या वेबसाइटशी) थेट जोडणी करून कधी कधी सुटका होते, पण भरवसा ठेवू नये. केंद्रातले संगणक वापरावेत. मुलांना पुढेही त्यांच्यावरच काम करायचं आहे.

तिसरं कारण गंमतीदार. रीसेट बटण दाबून धरून केबल लावली, तर पाटी वेगळ्याच अवस्थेत उघडते आणि ड्राइव्हचं नाव ‘मेंटेनन्स’ दिसतं. लहान मुलं पाटी धरतात ती नेमकी त्या बटणावर बोट ठेवून. केबल काढायची, बटणाला हात न लावता परत लावायची, बस्स. हे माहीत नसल्यामुळे धडधाकट पाट्या ‘बिघडल्या’ म्हणून खोक्यात जातात.

मायक्रोबिट स्क्रॅचला जोडायची असेल तर संगणकावर ब्लूटूथ आणि ‘स्क्रॅच लिंक’ नावाचा छोटा प्रोग्रॅम लागतो, शिवाय पाटीवर वेगळी हेक्स फाइल चढवावी लागते. एका खोलीत १५ पाट्या एकदम चालू केल्या की आपली कोणती हे शोधण्यात वेळ जातो. पाटीच्या दिव्यांवर सरकत जाणारी अक्षरं असतात, ती कागदाच्या तुकड्यावर लिहून पाटीला चिकटवावी.

पहिल्या दिवसासाठी आमचं मत मेकी-मेकीच्या बाजूने. ही केळ्यासारख्या वस्तूंना संगणकाच्या कळा बनवणारी पाटी. तिला संगणक कीबोर्ड समजतो, म्हणून कुठलाच सुरक्षा नियम सहसा आडवा येत नाही आणि काही चढवावंही लागत नाही. चार बाण, स्पेस आणि क्लिक अशा सहा जागा. एका जागेला मगरचिमट्याची तार लावायची, तिचं दुसरं टोक केळ्याला. दुसरी तार खालच्या ‘अर्थ’ (विजेच्या अर्थिंगमधला) पट्टीला, आणि तिचं टोक मुलाच्या हातात. केळ्याला बोट लावलं की बाण दाबला जातो. चालत नाही तेव्हा शंभरात नव्वद वेळा मुलाने अर्थची तार सोडलेली असते. उरलेल्या वेळी बोटं कोरडी असतात, पाण्याचा हात लावायचा. उलट टेबल ओलं असेल तर कळ आपोआप दाबलेलीच राहते. केळ्याऐवजी पेन्सिलीने गडद काढलेली रेघही चालते. बाजारात केळी महाग असलेल्या देशात हे लक्षात ठेवावं.

स्क्रॅचचं इंटरनेटशिवाय चालणारं रूप आधीच उतरवून न्यावं. केंद्राच्या वायफायवर २० संगणकांनी एकाच वेळी ते उतरवायला घेतलं की दुपार गेली. बहुभाषक गटाला एक फुकटचा फायदाही आहे: पृथ्वीगोलाच्या चिन्हावरून भाषा बदलली की प्रोग्रॅमचे सगळे ठोकळे त्या भाषेत दिसतात, प्रोग्रॅम तोच राहतो. मुलगा स्पॅनिशमध्ये बघतो, तुम्ही इंग्रजीत बघून परत स्पॅनिश करून देता. चल राशींची आणि पात्रांची नावं मात्र लिहिली तशीच राहतात.

आणि एक नियम, जो कुठल्याही सामानापेक्षा महत्त्वाचा: माउस मुलाच्या हातातून घ्यायचा नाही. स्क्रॅचमधली मांजर पडद्याबाहेर गेली तर ‘एक्स (मधापासूनचं आडवं अंतर) २४० च्या पुढे गेला’ हे त्याला सापडू द्यावं. पडदा ४८० गुणिले ३६० चा असतो आणि शून्य मधोमध, हे एकदा कळलं की मूल विसरत नाही. पाहुण्याने दुरुस्त करून दिलेला खेळ त्याच संध्याकाळी पुसला जातो.

कोणतं काम टिकतं

सगळ्यात जास्त मागणी वेबसाइटची, आणि सगळ्यात वाईट निकालही वेबसाइटचाच. चार आठवड्यांत ती उभी राहते, सादरीकरणात टाळ्या मिळतात आणि मग डोमेनचं, म्हणजे साइटच्या विकत घेतलेल्या पत्त्याचं, नूतनीकरण येतं. डोमेन पाहुण्याच्या खात्यावर, पासवर्ड त्याच्या मेलवर, पैसे त्याच्या कार्डावरून. वर्षाने साइट बंद पडते आणि जुन्या पत्त्यावर कुणी भलतंच दुकान थाटतं. करायचीच असेल तर डोमेन पहिल्या दिवशी संस्थेच्या नावाने, संस्थेच्या मेलवर आणि संस्थेच्या कार्डाने घ्यावं. संस्थेकडे ऑनलाइन चालणारं कार्डच नसेल, तर वेबसाइट हे या महिन्याचं काम नाही.

त्याआधीचं, कंटाळवाणं आणि फार उपयोगाचं काम म्हणजे संस्थेला तिच्या हक्काच्या सवलती मिळवून देणं. टेकसूपमार्फत (ना-नफा संस्थांना सॉफ्टवेअर सवलतीत मिळवून देणारी संस्था) नोंदणी, गूगलची ना-नफा संस्थांसाठीची मोफत वर्कस्पेस, पोस्टर-पत्रकं बनवायच्या कॅनव्हाची एरवी सशुल्क असलेली आवृत्ती मोफत, गूगलवर जाहिरातीसाठी दरमहा १०,००० डॉलरपर्यंतचं अनुदान. पडताळणीला दिवस लागतात, नोंदणीचे कागद मागतात आणि अर्ज संस्थेच्या अधिकृत माणसानेच करायचा असतो. म्हणून हे तयारीच्या काळातच सुरू करावं. चौथ्या आठवड्यात अर्ज टाकणं म्हणजे वरातीमागून घोडं.

पण क्रमांक एक हजेरीचं रजिस्टर. सर्जनशीलता केंद्रांची कायमची अडचण ही की देणगीदार आकडे मागतो आणि मुलांची कल्पकता आकड्यात बसत नाही. पाहुणे उत्साहाने ४० रकान्यांचा तक्ता बनवतात: आवड, कौशल्य पातळी, आत्मविश्वास एक ते दहा. समन्वयक तो आठवडाभर भरतो आणि सोडून देतो. सहा रकाने पुरतात: सदस्य क्रमांक, जन्मवर्ष, पहिल्या भेटीची तारीख, आज हजर की नाही, चालू प्रकल्पाचं नाव, शेजारी बसलेला मेंटर. शेवटचे दोन फक्त बदल झाला तर भरायचे. एवढ्यातून नवीन किती आले, किती टिकले, किती प्रकल्प पुरे झाले आणि मेंटर किती वेळा होता, हे चार आकडे निघतात. प्रकल्पाच्या नावांची यादी तर देणगीदाराला कुठल्याही आलेखापेक्षा जास्त सांगते. तारखेचा साचा आधी ठरवावा. महिना आधी की दिवस आधी, यावरून निम्मी तक्तापत्रकं नासतात, आणि गटात अमेरिकन आणि भारतीय दोघं असले की नक्कीच.

नाव-पत्ता या तक्त्यात नको, क्रमांकच हवा. नावांची यादी वेगळी, कुलपात. युरोपीय संघात मुलांच्या माहितीबद्दल जीडीपीआर हा माहिती-संरक्षणाचा कायदा लागू आहे, आणि ऑनलाइन सेवांसाठी मुलाची स्वतःची संमती कितव्या वर्षापासून चालेल ते देशागणिक १३ ते १६ च्या दरम्यान बदलतं.

फोटोंबद्दलही तेच. स्वतःच्या फोनने मुलांचे फोटो काढायचे नाहीत, काढायचे तर संस्थेच्या कॅमेऱ्याने आणि पालकांच्या लेखी परवानगीने. मुलाबरोबर बंद खोलीत एकटं बसायचं नाही. सोशल मीडियावर मैत्रीची विनंती घ्यायची नाही, द्यायची नाही. कंपनीच्या प्रसिद्धी विभागाला हसरे चेहरे हवे असतात. त्यांना हिरव्या टेबलावरच्या मातीने माखलेल्या हातांचे फोटो द्यावेत. खरं तर तेच जास्त चांगले दिसतात.

कागदपत्रं

इथे मध्यस्थ संस्थेचे गुण चांगले पडतात, तरी भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतः लक्ष घालावं. अनेक देशांत पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा चालत नाही. ब्रिटनमध्ये अभ्यागत व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंत चालते, पण प्रवासाचं मुख्य कारण ते नसावं लागतं. महिनाभर त्याचसाठी जाणाऱ्याने धर्मादाय कामाचा वेगळा व्हिसा बघावा. शेंगेनचा (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामायिक व्हिसा) अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो. निर्णयाची नेहमीची मुदत १५ दिवसांची, गर्दीत जास्त. गटातले युरोपीय सहकारी व्हिसाशिवाय येतात, म्हणून तारखा ठरवणाऱ्याच्या हे ध्यानातच नसतं.

घानासारख्या देशात जायचं तर पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस लागते. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य कार्यालयांत ती मिळते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून जन्मभर चालतं. परतताना ते जवळ नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकतं. मुलांच्या संस्था पोलिसांचा दाखलाही मागतात. पासपोर्ट कार्यालय तो पर्यटक व्हिसासाठी देत नाही, तेव्हा कोणत्या कारणासाठी मागायचा हे व्हिसा ठरल्यावरच कळतं. क्रम उलटा केला की एक फेरी वाया.

कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागासाठी एक ओळ: कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खालचा दोन टक्के खर्च भारताबाहेरच्या कामावर दाखवता येत नाही. २०२१ च्या दुरुस्त नियमांत अपवाद आहे तो फक्त राज्याचं किंवा देशाचं प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. हा खर्च मनुष्यबळ विकासाच्या खात्यातूनच करावा लागतो. ते एका परीने प्रामाणिकही आहे, कारण महिन्याअखेर सगळ्यात जास्त शिकून परत येतो तो कर्मचारीच.

हस्तांतर

शेवटच्या सादरीकरणावर गट तीन दिवस घालवतात. अर्धा दिवस पुरे. उरलेल्या अडीच दिवसांत एकच गोष्ट करावी. समन्वयकाने संगणकापुढे बसून पूर्ण काम एकट्याने करायचं: हजेरी भरायची, नवीन सदस्य जोडायचा, चुकलेली नोंद सुधारायची, तिमाहीचे आकडे काढायचे. पाहुण्यांनी मागे उभं राहायचं, हात पाठीमागे बांधून. जिथे तो अडेल तिथे तक्ता बदलायचा, समन्वयकाला समजावत बसायचं नाही. सूचना दोन पानांच्या, स्थानिक भाषेत, समन्वयकाच्याच शब्दांत, छापून टेबलाच्या खणात. पासवर्ड संस्थेच्या तिजोरीत, आणि दोन माणसांकडे.

परत आल्यावर काही आठवडे फोनवर पाठपुरावा असतो. खरं तर सेवेचा हा सगळ्यात दुबळा टप्पा: इथे सगळे आपापल्या कामाला लागलेले, तिथे समन्वयक मुलांच्या गराड्यात, मधे वेळेचा फरक, घाना असेल तर साडेपाच तासांचा. तासभराच्या बैठका ठेवू नयेत, त्या रद्दच होतात. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं, ठरलेल्या वेळी, मुलं यायच्या आधी. विचारायचं एकच: गेल्या पाच दिवसांत तक्ता किती दिवस भरला? उत्तर तीनपेक्षा कमी आलं, तर एक रकाना कमी करायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारायचं.